संदेष्ट्यांची वाणी, दासींचा अधिकार

बायबलमधील भविष्यवाणी आणि दृष्टांत यांचा ख्रिस्ती परंपरेने लावलेला अर्थ. महाराष्ट्राच्या मातीतून घेतलेला वेध

परभणी : ‘दृष्टांत झाला’ या दोन शब्दांचा अर्थ परभणी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गावोगावच्या देवस्थानांच्या कथा बहुधा कोणाच्या तरी स्वप्नापासूनच सुरू होतात. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. आळंदीच्या समाधीला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, हे एकनाथांना स्वप्नातच कळले, अशी परंपरा सांगते. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई तर स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवून घेणारी. परंतु तिच्या जात्यापाशी साक्षात विठ्ठल दळायला बसे, ही श्रद्धा सात शतके टिकून आहे.

याच जिल्ह्यात संख्येने अत्यल्प असा ख्रिस्ती समाजही राहतो. कॅथॉलिक पंथीयांच्या दृष्टीने परभणी हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताचा भाग होय. या समाजाच्या धर्मग्रंथातही स्वप्ने, दर्शने आणि भविष्यवाणी यांना मोठे स्थान आहे. किंबहुना ख्रिस्ती मंडळीच्या जन्मदिनी झालेल्या पहिल्या प्रवचनाचा विषयच मुळी हा होता. मात्र, ‘भविष्यवाणी’ म्हटले की जगाच्या अंताची तारीख, युद्धांचे भाकीत किंवा चमत्काराचा दावा एवढेच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती विचारपरंपरेने या संकल्पनेचा जो अर्थ लावला आहे, तो याहून वेगळा आणि अधिक अस्वस्थ करणारा आहे. पुढे काय घडणार, या प्रश्नाइतकाच, आज देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

शब्दांचा प्रवास

गैरसमजाचे एक कारण भाषेत आहे. जुन्या मराठी बायबलमध्ये संदेष्ट्यासाठी ‘भविष्यवादी’ हा शब्द रूढ होता. तो ऐकताच मराठी माणसाला पंचांग, कुंडली आणि पोपटवाला जोतिषी आठवला तर नवल नाही. आज प्रचलित असलेल्या भाषांतरात त्या जागी ‘संदेष्टा’ हा शब्द आला. बदल एका शब्दाचा असला, तरी त्यामागे एक मोठी दुरुस्ती आहे.

मूळ हिब्रू शब्द ‘नावी’. त्याचा अर्थ ‘ज्याला हाक मारली गेली आहे तो’ किंवा ‘जो हाक देतो तो’ असा लावला जातो. त्याआधी अशा व्यक्तीला ‘द्रष्टा’ म्हणत, अशी नोंद बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. हरवलेली गाढवे कोठे सापडतील, हे विचारायला तरुण शौल अशाच एका द्रष्ट्याकडे निघाला होता. गाढवांचा पत्ता सांगणाऱ्या द्रष्ट्यापासून राजाला त्याचा अपराध सांगणाऱ्या संदेष्ट्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच बायबलमधील भविष्यवाणीचा इतिहास, असे म्हणता येईल.

‘दृष्टांत’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. मराठीत त्याचा एक अर्थ स्वप्नातील दर्शन, तर दुसरा अर्थ पटवून देण्यासाठी सांगितलेली गोष्ट. महानुभाव पंथाचा ‘दृष्टांतपाठ’ हा दुसऱ्या अर्थाचा ग्रंथ होय. बायबलमधील संदेष्ट्यांच्या हाती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. दावीद राजाने आपल्या सैनिकाची पत्नी बळकावली आणि त्या सैनिकाला युद्धात मरायला पाठवले, तेव्हा नाथान संदेष्टा राजाला भेटला. त्याने भाकीत सांगून सुरुवात केली नाही. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी कशी हिरावून घेतली, याची गोष्ट सांगितली. राजाला संताप आला. ‘तो मनुष्य तूच’, हा त्या गोष्टीचा शेवट होता.

संदेष्टे कोण होते?

इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून इस्राएल आणि यहूदा या दोन लहान राज्यांत संदेष्ट्यांची एक मोठी परंपरा उभी राहिली. त्यांतील आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. उंबरासारख्या झाडांची निगा राखणे हाही त्याचा व्यवसाय. आपण संदेष्टा नाही आणि संदेष्ट्यांच्या शिष्यवर्गातीलही नाही, असे तो राजपुरोहिताला सांगतो. त्याचे भाकीत राज्य बुडण्याचे होते. परंतु त्याचा राग होता तो खोट्या मापांवर, लाचखाऊ न्यायावर आणि जोड्यांच्या किमतीत विकल्या जाणाऱ्या गरिबांवर. यशयाला मंदिरात सिंहासनाधिष्ठित देवाचे दर्शन झाले. त्या दर्शनातून त्याला भविष्याचे वेळापत्रक मिळाले नाही. मिळाले ते एक न पेलणारे काम. यिर्मयाने आपण अजून लहान असल्याची सबब सांगितली, पण ती चालली नाही. यहेज्केलाला दर्शन झाले ते बाबेलच्या बंदिवासात, कालव्याच्या काठी, निर्वासितांच्या वस्तीत.

या सर्वांत एक समान धागा दिसतो. दर्शन होते ते जबाबदारी सोपवण्यासाठी. तुकोबांच्या स्वप्नकथेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन तुकोबांना कवित्वाचे काम नेमून दिले, अशीच ती कथा आहे.

भाकीत आणि भविष्यवाणी यांतील फरक सर्वांत स्पष्टपणे दाखवणारे पुस्तक योनाचे आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरी उलथेल, अशी घोषणा योना करतो. नगरातील राजापासून प्रजेपर्यंत सारे पश्चात्ताप करतात आणि नगर वाचते. भाकीत म्हणून पाहिले तर योना सपशेल खोटा ठरला. संदेश म्हणून पाहिले तर त्याच्याइतका यशस्वी संदेष्टा दुसरा नाही. स्वतः योनाला मात्र हे रुचले नाही. नगर वाचल्याबद्दल तो रुसून बसला. आपले भाकीत खरे ठरावे म्हणून लोकांचा नाश इच्छिणाऱ्या प्रत्येकाची थट्टा या छोट्याशा पुस्तकात आहे.

टोळधाड, दुष्काळ आणि एक वचन

भविष्यवाणीविषयीच्या ख्रिस्ती चिंतनाचा गाभा म्हणून ज्या उताऱ्याकडे पाहिले जाते, तो योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. या पुस्तकाची सुरुवात होते ती टोळधाडीने. टोळांनी पिके खाल्ली आहेत, द्राक्षवेली आणि अंजिराची झाडे सोलून पांढरी पडली आहेत, कोठारे ओस आहेत, पाण्याचे ओढे आटले आहेत आणि चारा नसल्याने गुरे हंबरत फिरत आहेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला किंवा ज्यांच्या घरी त्याच्या आठवणी सांगितल्या जातात, त्या मराठवाड्यातील वाचकाला या वर्णनासाठी टीपांची गरज नाही.

या आपत्तीनंतर योएल एक वचन उच्चारतो. देव आपला आत्मा सर्व मनुष्यांवर ओतील. मुलगे आणि मुली संदेश देतील, वृद्धांना स्वप्ने पडतील, तरुणांना दृष्टांत होतील. एवढेच नव्हे, तर दास आणि दासी यांच्यावरही तो आत्मा ओतला जाईल, असा त्याचा आशय. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला येशूचे शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, तेव्हा लोकांना ते मद्य प्यालेले वाटले. त्या वेळी पेत्राने याच उताऱ्याचा आधार घेऊन आपले प्रवचन केले. ख्रिस्ती मंडळीचा आरंभ या घटनेपासून मानला जातो.

यातील ‘दासी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्राचीन समाजरचनेत जिला घरातही बोलण्याची मुभा नव्हती, तिला येथे देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार दिला आहे. बायबलमध्ये स्त्री संदेष्ट्यांची परंपरा त्याआधीही होती. मिर्याम आणि दबोरा यांच्याखेरीज हुल्दा हिचे नाव त्यात ठळक आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात योशीया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा त्याचा अर्थ विचारण्यासाठी राजाने माणसे पाठवली ती तिच्याकडे. नव्या करारात मंदिरातील वृद्ध हन्ना आणि फिलिप्पाच्या चार मुली यांचा संदेष्ट्या म्हणून उल्लेख येतो. दुसरीकडे, पौलाच्या पत्रांत स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे अशा अर्थाची वाक्येही आहेत. मात्र, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्रात स्त्रिया प्रार्थना करीत आणि संदेश देत असल्याचे तो गृहीत धरतो. हा ताण ख्रिस्ती मंडळ्यांत आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

केडगाव, १९०५

योएलच्या या उताऱ्याला महाराष्ट्रात एक विलक्षण उत्तर मिळाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो अनाथ मुली व विधवांना आणले. त्यांचे वसतिस्थान म्हणजे पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्तिसदन. भुकेने माणसे गमावलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, बहुतेक समाजाने ओवाळून टाकलेल्या अशा या मुली होत्या.

वेल्स प्रांतात त्या सुमारास झालेल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या केडगावला पोहोचल्या होत्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले. सुरुवातीच्या सत्तर जणींची संख्या जूनपर्यंत साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला विलक्षण अनुभव आला. ती आगीने वेढली गेल्याचे दुसऱ्या एका मुलीला दिसले आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. जवळ येऊन पाहते तो आग नव्हतीच. मुक्तिसदनात काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढच्या संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचे विवरण करीत असताना सभेतील मुली मोठ्याने रडू लागल्या, आपले अपराध कबूल करू लागल्या आणि प्रार्थना करू लागल्या. पुढील काळात स्वप्ने, दर्शने आणि अनोळखी भाषांत बोलण्याचे अनुभवही नोंदवले गेले.

हा निव्वळ भावनेचा उद्रेक आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. आईवडील गमावलेल्या मुलींच्या साठलेल्या दुःखाला वाट मिळाली, असे स्पष्टीकरण आजचा मानसशास्त्राचा अभ्यासक देईल. रमाबाईंनी स्वतः घेतलेली भूमिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मुलींनी आपल्या पद्धतीने व्यक्त व्हावे, परक्या शिस्तीच्या साच्यात त्यांना कोंबू नये, असे त्यांचे मत होते. त्याच वेळी, अनोळखी भाषेत बोलणे हीच आत्म्याची एकमेव खूण होय, हा आग्रह त्यांनी मान्य केला नाही. प्रेम हीच खरी खूण, असे त्यांनी लिहिले. या अनुभवानंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागल्या. ज्यांना समाजाने मूक केले होते, त्या बोलू लागल्या. दृष्टांतांच्या खरेखोटेपणाविषयी कोणाचे काहीही मत असले, तरी हे फलित नाकारता येत नाही.

त्याचे पडसाद दूरवर उमटले. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली. १९०९ मध्ये वालपराइसो शहरात सुरू झालेल्या जागृतीला ज्या गोष्टींनी चालना दिली, त्यांत केडगावच्या या वृत्तांताचा समावेश होतो. रमाबाई स्वतः दुसऱ्याच कामात बुडाल्या होत्या. सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. मुक्तिसदनातील स्त्रियांनी स्वतः खिळे जुळवून ते छापले, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे.

टिळकांचे भाकीत आणि टिळकांचे दर्शन

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात भाकीत आणि दर्शन या दोहोंचे नमुने सापडतात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताच्या शोधात असलेल्याला ही कथा येथेच संपल्यासारखी वाटेल. टिळकांचे मन वळवले ते मात्र येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. सहप्रवाशाचे शब्द निमित्त होते.

त्यांच्या आयुष्यातील अधिक महत्त्वाचे वळण १९१७ मधील आहे. ख्रिस्ताचे दर्शन घडल्याच्या गाढ अनुभवानंतर त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, असा त्यामागील विचार होता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग पुरता बहरला नाही. परंतु दर्शन खरे की खोटे, याची कसोटी माणूस त्यासाठी काय सोडायला तयार होतो यावर लावायची झाल्यास, उतारवयात पगार सोडणारे टिळक त्या कसोटीला उतरतात.

परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातही एका स्वप्नाची खूण आहे. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हैदराबाद संस्थानाच्या राजवटीत, जालन्याजवळ ख्रिस्ती वसाहत वसवली. दलित जातींतील कुटुंबांना जमीन आणि व्यवसाय मिळावा, हा तिचा हेतू. तिला नाव दिले ‘बेथेल’. घर सोडून पळालेला याकोब दगडाची उशी करून उघड्यावर झोपला असता त्याला स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली. त्या जागेला त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे म्हटले. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर राहावे लागत होते, त्यांच्या वस्तीला हे नाव देण्यातच त्या दृष्टांताचे एक मराठी भाष्य दडलेले आहे.

ख्रिस्ताविषयीची भाकिते

जुन्या करारातील अनेक वचने येशूच्या जीवनात पूर्ण झाली, ही ख्रिस्ती श्रद्धेची एक मुख्य बाजू आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ची रचना याच तत्त्वावर उभी आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे, तर ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे आहे. पहिल्यात अपेक्षा, दुसऱ्यात पूर्ती, अशी ही मांडणी.

आधुनिक अभ्यासकांनी मात्र या वचनांच्या मूळ संदर्भाकडेही लक्ष वेधले. कुमारीला पुत्र होईल, या यशयाच्या वचनातील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुणी’ असा आहे. ‘कुमारी’ हा अर्थ प्राचीन ग्रीक भाषांतरातून आला. यशयासमोर त्या वेळी होता तो आहाज राजा आणि त्याच्यावर चालून येणारे शत्रू. त्याच पुस्तकातील दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र, असे यहुदी परंपरेत प्रामुख्याने मानले जाते. ख्रिस्ती वाचकाला त्यात क्रुसावरील येशू दिसतो. कॅथॉलिक चर्चच्या बायबलविषयक आयोगाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात यहुदी वाचन हेही एक शक्य आणि आदरणीय वाचन असल्याचे मान्य केले. एक वचन एकाहून अधिक पिढ्यांशी बोलू शकते, ही त्यामागची भूमिका होय.

बायबलमधील संदेष्टे केवळ ख्रिस्ती लोकांचे नाहीत, याची आठवण महाराष्ट्राला करून द्यायला कोकण पुरेसे आहे. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील खंडाळा येथे एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. त्याच्या स्मरणार्थ मलिद्याचा विधी हा समाज आजही करतो.

तारखांचा मोह

नव्या कराराचे शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’. पात्म बेटावरील योहानाला झालेल्या दर्शनांचे हे वर्णन बहुसंख्य अभ्यासक इसवी सन ९५ च्या सुमारचे मानतात. सात शिक्के, सात कर्णे, सात डोक्यांचे श्वापद, ६६६ हा आकडा अशा प्रतीकांनी ते भरलेले आहे. रोमन साम्राज्याच्या दडपशाहीत सापडलेल्या आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना ते उद्देशून आहे. ६६६ ही हिब्रू अक्षरांच्या मूल्यांनुसार नीरो सम्राटाच्या नावाची बेरीज होते, हे स्पष्टीकरण बऱ्याच अभ्यासकांना पटते. साम्राज्य कितीही बलाढ्य दिसले तरी शेवटचा शब्द त्याचा नाही, हा त्या भीतीदायक चित्रांमागील दिलासा.

या प्रतीकांचे वाचन चार प्रकारे केले जाते. ती पहिल्या शतकातच पूर्ण झाली, असे काही मानतात. संपूर्ण इतिहासाचा तो क्रमवार आराखडा आहे, असे दुसरे म्हणतात. तिसऱ्या मते बहुतेक भाग अजून घडायचा आहे. तर चौथ्या मते सत्ता आणि श्रद्धा यांच्यातील कायमच्या संघर्षाचे ते रूपक आहे. गणित मांडण्याचा मोह होतो तो प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनात.

अमेरिकेतील विल्यम मिलर याने दानीएलच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे वर्षे, असे धरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढला. अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित केली. काहींनी पिके कापली नाहीत, काहींनी मालमत्ता सोडून दिली. तो दिवस आला आणि गेला. ‘महानिराशा’ म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या अनुभवातूनच पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्यातील स्पायसर ही त्या पंथाची शिक्षणसंस्था मराठी वाचकांना परिचित आहे. हा पंथ आज पुनरागमनाची तारीख सांगत नाही. अलीकडच्या काळात अमेरिकेतील रेडिओ प्रवचनकार हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, नंतर ती २१ ऑक्टोबरवर नेली. दोन्ही टळल्यावर २०१२ मध्ये त्यांनी आपली चूक कबूल केली. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे येशूने सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात असताना हा मोह पुन्हा पुन्हा होतो, हे मात्र खरे.

पारख कशी करावी?

दृष्टांताचा दावा करणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, याची जाणीव बायबललाही आहे. जे सांगितले ते घडले नाही तर तो संदेश देवाचा नव्हे, अशी कसोटी ‘अनुवाद’ या पुस्तकात दिली आहे. त्याच पुस्तकात पुढचे पाऊलही आहे : सांगितलेले घडले, तरी तो माणूस लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. यिर्मयाच्या काळी सारे आलबेल असल्याचे सांगणारे संदेष्टे लोकप्रिय होते आणि खोटे ठरले. फळांवरून झाड ओळखावे, असे येशू सांगतो. संदेश तुच्छ मानू नका, पण सर्व गोष्टी पारखून घ्या, असा सल्ला पौल थेस्सलनीका येथील मंडळीला देतो. करिंथकरांना तो सांगतो की, संदेशाने ऐकणाऱ्याची उभारणी व्हावी, त्याला धीर आणि सांत्वन मिळावे.

कॅथॉलिक चर्चने ही पारख अधिक काटेकोर केली आहे. पोर्तुगालमधील फातिमा येथे १९१७ मध्ये तीन मुलांना झालेल्या दर्शनांतील ‘तिसरे रहस्य’ जून २००० मध्ये जाहीर करण्यात आले. त्या वेळी कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजेच पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे, यांनी केलेले भाष्य महत्त्वाचे आहे. बायबलच्या अर्थाने भविष्यवाणी म्हणजे भविष्यकथन नव्हे. वर्तमानासाठी देवाची इच्छा समजावून देणे होय, असा त्याचा आशय होता. खासगी दर्शनांनी श्रद्धेत नवी भर पडत नाही आणि ती मानण्याची सक्तीही कोणावर नाही, हे चर्चचे जुने धोरण आहे. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांच्या तपासासाठी नवी नियमावली लागू केली. एखादी घटना अलौकिक असल्याचे जाहीर करणे तीनुसार सर्वसाधारणपणे टाळले जाते. दर्शनाच्या आडून पैसा, सत्ता किंवा प्रसिद्धी मिळवली जात असेल तर ती प्रतिकूल बाब ठरते, आणि लोकांवर ताबा मिळवण्यासाठी त्याचा वापर झाल्यास तो विशेष गंभीर मानला जातो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांनंतर आणि ऑगस्ट २०१३ मधील त्यांच्या हत्येनंतर अस्तित्वात आलेला जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांना लागू आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे, पैसे उकळणे हा त्यानुसार गुन्हा असून, सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. साधी प्रार्थना किंवा उपासना यांना तो आड येत नाही. संदेष्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर कायदा फसवणारा पकडू शकतो. ऐकणाऱ्याने काय ऐकावे, हे मात्र त्याला ठरवता येत नाही.

तो निर्णय ऐकणाऱ्यालाच करावा लागतो आणि त्यासाठी संदेष्ट्यांनी एक साधे माप ठेवून दिले आहे. जी वाणी ऐकणाऱ्याला केवळ घाबरवते किंवा सुखावते, तिच्याविषयी त्यांनी सदैव संशय बाळगला. जी वाणी वजनमाप सुधारायला, विधवेचा आणि परक्याचा हक्क द्यायला, गप्प बसवलेल्याला बोलू द्यायला भाग पाडते, तिला त्यांनी देवाची वाणी म्हटले. दर डिसेंबरमध्ये नाताळपूर्व आगमनकाळाच्या उपासनेत चर्चमधून यशयाचे उतारे वाचले जातात. तलवारींचे नांगराचे फाळ करण्याचे स्वप्न त्याच उताऱ्यांत आहे. ते कधी पूर्ण होईल, याची तारीख यशयाने दिलेली नाही. फाळ कोणी घडवायचा, हे मात्र ऐकणाऱ्यांना उमजावे अशी त्याची अपेक्षा आहे.

काही संज्ञा

संदेष्टा : देवाचा संदेश लोकांपर्यंत पोहोचवणारा, जुन्या मराठी भाषांतरांत ‘भविष्यवादी’.

दृष्टांत : जागेपणी किंवा स्वप्नात झालेले दर्शन, मराठीत बोधकथा या अर्थानेही रूढ.

प्रकटीकरण : झाकलेले उघड करणे, हा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, नव्या करारातील शेवटच्या पुस्तकाचे नाव.

पन्नासावा दिवस : यहुदी वल्हांडण सणानंतरचा उत्सव, ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्म्याच्या आगमनाचा दिवस.

आगमनकाळ : नाताळपूर्वीचे सुमारे चार आठवडे, संदेष्ट्यांच्या वाचनाचा आणि प्रतीक्षेचा काळ.